कपिलाबेनची रिक्षा

मी आणंदजवळच्या एका गावातली जुनी रिक्षा. आता माझ्या सीटवर कोंबड्या बसतात. मित्रांनो, माझेही दिवस होते!

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नवरीसारखी चकाकत होते. उदेसिंहने मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि पाठीवर रंगवून घेतले, 'उदेसिंहची मेहनत'. मेहनत त्याची नव्हती. त्याची बायको कपिला हिने एका परदेशी जोडप्याचे बाळ नऊ महिने आपल्या पोटात वाढवले होते. तेही दवाखान्याच्या वसतिगृहात राहून, आपल्या लहानग्या मुलीला सासूपाशी सोडून. त्या पैशांतून मी आले. मला हार घालत होते तेव्हा ती मागे भिंतीला धरून उभी होती. गावाला सांगितले होते, कपिला सुरतेला साड्यांवर टिकल्या लावायला गेली आहे.

मी स्टेशन ते दवाखाना धावू लागले. गोरी जोडपी माझ्यात बसत. सोबतचा दलाल हसत म्हणे, "यांच्या देशात असं मूल वाढवून घेणं गुन्हा आहे. अमेरिकेत चालतं, पण तिथल्या एका बाळाच्या खर्चात आपल्याकडे चार होतात!" उदेसिंहही हसे. तेव्हा मी रोज धुतली जात असे.

मग कायदा आला आणि परदेशी जोडपी येईनाशी झाली. माझा धंदा बसला. त्यातच सुरतेची गोष्ट खोटी असल्याचे उदेसिंहच्या बहिणीला, मधुबेनला, कळले. राखीला आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "पोट भाड्याने देणाऱ्या घरचं पाणी मी पीत नाही," म्हणाली. कपिलाने भरलेला पेला तसाच आत नेला.

पुढे आणखी कडक कायदा झाला. दुसऱ्याचे बाळ वाढवायचे तर केवळ मायेपोटी, पैसा घ्यायचा नाही, आणि तेही आयुष्यात एकदाच. त्यानंतर मधुबेन पेढे घेऊन आली. तिच्या सुनेचे गर्भाशय काढावे लागले होते. परत स्टेशनला जाताना तिने कपिलालाही माझ्यात बसवून घेतले.

"भाभी, घरचंच काम आहे. माझ्या मुलासाठी एवढं कर."

"एकदाच करता येतं मधुबेन. माझं झालंय."

"कुणाला ठाऊक? तू तर तेव्हा सुरतेला होतीस!"

कपिला म्हणाली, "पैसे घेतले तेव्हा मी विटाळले. आता फुकट केलं की गंगा होईन का?"

"बेन एवढी पदर पसरतेय," उदेसिंह पुढे बघत पुटपुटला, "तर काय बिघडतं?"

"मागच्या वेळी रक्त थांबत नव्हतं तेव्हा तुम्ही रिक्षा बघायला गेला होतात. थांबवा गाडी."

ती भर उन्हात उतरली आणि चालत घरी गेली. उदेसिंहने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणे टाकले. पंधरवड्याने तिनेच विचारले, "गाडी का काढत नाही?" तेव्हा तो ओरडला, "घाल ती तुझी रिक्षा चुलीत!" बारा वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी तिची म्हटले, तेही शिवीसारखे. तो मोठ्या भावाच्या शेतावर जाऊ लागला. कपिला तंबाखूच्या खळीवर पाला कुटायला जाते, खोकत परतते.

दीड वर्षाने मधुबेन पुन्हा पेढे घेऊन आली. मुलाला मुलगा झाला होता. तिच्या घरी भांडी घासणाऱ्या, सासरच्या दूरच्या नात्यातल्या एका विधवेने तो पोटात वाढवला होता. तिला नाही म्हणता येणार होते का, हे कुणी विचारले नाही.

"तिला काय दिलंत?" कपिलाने विचारले.

"साडी-चोळी दिली. पैसे कसे देणार? कायदा आहे ना!"

कपिलाने पेढा घेतला नाही. वयात आलेल्या मुलीला हाताला धरून ती आत गेली.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. माझे लोखंड भंगारात जाईल, त्याचे मला दुःख नाही. पण तुमच्या घरात एखादी नवी वस्तू आली आणि सगळे तिला हार घालू लागले, तर आधी बघा, घरातले कोण भिंतीला धरून उभे आहे. त्या माणसाला बसायला पाट द्या.