तोपर्यंत आणि त्यानंतर

"सूनबाई, इंग्रजी वाक्यात माणूस आपटतो तो मोठ्या शब्दाला नाही, सांध्याला. सांधा आला की बोट ठेवायचं, श्वास घ्यायचा, मग पुढं जायचं."

सासरे जन्मभर टंकलेखक. त्यांनी सुनेकडून एका पुठ्ठ्यावर चाळीस सांधे लिहून घेतले होते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. हाउएव्हर, मात्र. देअरफोर, म्हणून. 'ऑन द अदर हँड'पुढे तिने 'दुसऱ्या हातावर' लिहिलं, तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले होते. तो पुठ्ठा आता इस्पितळातल्या तिच्या टेबलाच्या काचेखाली होता. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेल्या सूचना ती मराठीत उतरवून द्यायची. कागद वाचून दाखवताना दर दुसऱ्या वाक्याला 'मात्र' यायचं, म्हणून सगळे तिला मात्रबाई म्हणत.

जेवणाच्या सुट्टीआधी तिने एक कागद हातात घेतला. टाके सोमवारी काढायचे. अनटिल देन, रक्त पातळ करायची गोळी नको. तिने 'तोपर्यंत' लिहिलं आणि तिचं पेन थबकलं. अगदी असंच वाक्य काल संध्याकाळी हाताखालून गेलं होतं. जबड्यातली गाठ काढलेले आजोबा. काल आपण काय लिहिलं?

तिने दिलेल्या कागदांच्या नकलांची वही ओढली. भराभर पानं उलटून कालचं पान काढलं. तिचंच वळणदार अक्षर होतं, 'शुक्रवारी टाके काढणार. त्यानंतर रक्त पातळ करायची गोळी बंद.'

पुठ्ठ्यावर 'अनटिल देन'च्या खालीच 'आफ्टर दॅट' होतं. घाईत नजर एक ओळ खाली घसरली होती. जखम ओली असताना गोळी चालू, आणि भरल्यावर बंद!

"देवा, त्यांना सांभाळ," ती पुटपुटली.

"मात्रबाई, भूत बघितलंत का?" वॉर्डातले मामा चहाचा पेला घेऊन दारात उभे होते.

"मामा, कालच्या आजोबांचा नंबर काढा. आधी नंबर!"

पहिल्यांदा घंटा वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आजींचा आवाज आला, "कोण हो? हात ओले आहेत माझे."

"इस्पितळातून बोलतेय. काल कागद दिला ती. आजोबांना गोळी दिलीत?"

"लांबट पांढरी ना? काल रात्री दिली, सकाळी दिली. तुम्हीच तर लिहिलंय. दुपारची ही काय, वाटीत काढून ठेवलीय."

"देऊ नका! आजी, ती अजिबात देऊ नका."

"अगं बाई, ओरडता कशाला? कालपर्यंत किती गोड बोलत होता."

"रक्त येतंय का त्यांना?"

"येतंय थोडं. तिसरा रुमाल आहे हा. मला म्हणतात, उगाच गवगवा करू नकोस. जन्म गेला यांचा, कधी दुखलं म्हणून कबूल करतील तर शपथ."

"फोन ठेवू नका. डॉक्टरांना विचारून आलेच मी."

डॉक्टरीणबाईंची खोली आठ पावलांवर होती. आजोबांच्या तोंडात भरणारं रक्त डोळ्यांपुढे दिसत होतं, ती धावतच आत शिरली. तिने कालची इंग्रजी सूचना आणि आपली मराठी नक्कल पुढे ठेवली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. उलटं लिहिलं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. "तुमच्याशी नंतर बोलते. त्यांना आत्ता इथं आणा. जखमेवर कापूस घट्ट दाबून धरायचा, मान खाली घालून बसवायचं, झोपवायचं नाही. मामा, गाडी काढायला सांगा."

तिने फोनवर शब्दन् शब्द सांगितला, आणि आजींकडून दोनदा म्हणवून घेतला. आजींनी म्हटला, पण आवाज आता बारीक झाला होता.

"गाडी येईल गं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हे परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाहीत. मला एकटीला कुठले आवरतायत? आणि चौथा रुमालही भिजला बघ."

"मी येते, आजी. मी स्वतः येते. आपण दोघी त्यांना धरून उतरवू. कागद मी लिहिला असं सांगा त्यांना, रागवायचं तर मला रागावू देत. मी येईपर्यंत दार उघडं ठेवा आणि दाब सोडू नका."

"नक्की येशील?"

"नक्की."

मामांनी तिच्यापुढे चहा सरकवला. "दोन घोट घ्या, मग निघा."

तिने मानेनेच नको म्हटलं. सिस्टरकडून कापसाचं जाड बंडल घेतलं, पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरली आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत ती जिना उतरू लागली. खाली गाडीचं दार उघडं होतं. ती चालकाशेजारी बसली, पत्ता वाचून दाखवला आणि कापूस मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.