तिकोनातलं नाव

कार्तिकातलं ऊन. धुतलेलं, निथळलेलं, हळदीच्या बोटाइतकं कोवळं ऊन. दुपार कलली तसं ते खाडीच्या निळ्या-करड्या पाण्यावरून चालत आलं आणि उतारावरच्या एकट्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकलं.

त्या भिंतीचा माथा तिकोनी. छपराच्या दोन्ही उतरणी जिथे भेटतात, तिथवर चढत गेलेला चुन्याचा तिकोन. चाळीस पावसाळ्यांनी त्याला चाटून चाटून खंगवला होता. यंदा ओल देवघरापर्यंत आली आणि नरहरपंतांनी ठरवलं, आता भिंतीला अंगरखा घालायचा.

अंगरखा प्लॅस्टिकचा. सायीच्या रंगाच्या लांब पट्ट्या, एकीत एक अडकणाऱ्या. खिळा पुरता आवळू नका, उन्हात पट्टी फुगते, तिला हलायला जागा ठेवा, असं दुकानदाराने बजावलं होतं.

शिडीवर सत्तरीचे पंत. शिडी धरून अनसूयाबाई, नवरा पडेल या भीतीने चार दिवस सतत रागावलेल्या. पट्ट्या वर चढत गेल्या, आखूड होत गेल्या. उरली फक्त माथ्यावरची, हातभर, तिकोनी.

तिच्याखाली दोन नावं झाकली जाणार होती. घर बांधलं त्या वर्षी, ओल्या चुन्यात, खिळ्याने कोरलेली. छपराच्या आडोशाचं ‘अनसूया’ शाबूत होतं. त्याच्याखालचं पावसाने नेलं होतं.

ते नाव अनसूयाबाईंनी कधीच उच्चारलं नव्हतं. बेचाळीस वर्षं नुसतं ‘अहो’. नवऱ्याचं नाव देवाचंही, म्हणून स्तोत्रात तो शब्द आला की ओठ मिटायचे, देवाला तेवढ्यापुरतं ताटकळत ठेवायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं.

पंतांचा डावा कान केव्हाच मिटला होता. उजवाही मिटत चालला होता. वर्षभराचा सोबती, असं डॉक्टर म्हणाले होते. तो मिटण्याआधी त्यांना एकच हाव होती. वेडी, बालिश, जिवाला लागलेली हाव.

“अगं, इथे दुसरं नाव कुणाचं होतं? आठवेना बघ. सांग, मग पट्टी लावतो.”

“चळ लागलाय का? खाली या मुकाट्याने.”

पंत हलले नाहीत. पट्टी मांडीवर घेऊन बसून राहिले. ऊन पिवळं झालं, केशरी झालं, पाण्यावर तांबूस सांडलं. खाली लटका संताप, वर गोड हट्ट, मधे एक थरथरणारी शिडी.

अनसूयाबाईंनी वर पाहिलं. पांढरे केस, चुन्याने माखलेला कान, आणि त्या कानाची वाट पाहण्याची रीत. त्यांना सगळं कळलं. डोळे भरून आले.

“नरहरी,” त्या पुटपुटल्या.

“काय? ऐकू नाही आलं.”

मग त्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या. पदर खोचला, श्वास भरला आणि माडांना, खाडीला, मावळत्या तांबूस उजेडाला ऐकू जाईल असं ओरडल्या, “नरहरी! नरहरी! नरहरी! झालं समाधान?”

पलीकडच्या तीरावर कुणीतरी दचकून हात जोडले.

पंतांना ते पहिलं पुटपुटणंच ऐकू आलं होतं. एवढं लबाड हसू त्या घराने पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी पट्टी माथ्यावर बसवली, शेवटचा खिळा अलगद ठोकला, हलायला जागा ठेवून.

तिकोन मिटला. ऊन मिटलं. आत चुन्यात एक नाव राहिलं, आणि उजव्या कानात दुसरं.