शेवंतीच्या गळ्यातली नळी

मी एक जुनी चांदीची नळी आहे. बोटभर लांब, जराशी वाकडी. मुंबईच्या एका कारागिराने मला घडवले आणि १९४९ साली मी ठाण्याच्या एका छोट्या इस्पितळात आले.

मित्रांनो, तेव्हा घटसर्पाची साथ वरचेवर येई. या रोगात घशात पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. मग डॉक्टर गळ्याला समोरून छेद देऊन मला आत बसवत. निळे पडलेले मूल माझ्यातून श्वास घेऊ लागे. आईबाप मला हात जोडत, आणि मला त्याची घमेंड होती. पण मला बसवण्यापेक्षा काढणे अवघड, हे मला शेवंतीमुळे कळले.

शेवंती सात वर्षांची. तिची आई ठमाबाई खाडीकाठच्या मिठागरावर काम करी. दोन आठवड्यांत पोरीचा घसा साफ झाला. आता मला काढायचे होते. पण डॉक्टर सुमतीबाईंचा हात गळ्याशी आला, की शेवंती थरथर कापे. नाडी धावू लागे, गळ्याचे स्नायू आवळत, श्वास अडके. तीनदा मला काढले आणि तीनदा घाईघाईने परत बसवावे लागले. मी आत असताना तिला बोलताही येत नसे. ती नुसती डोळ्यांनी रडे.

मोठे डॉक्टर हरिहर म्हणाले, "नळीसकट घरी पाठवा."

"मिठागरावर ही रोज कोण धुणार, सर? आठ दिवसांत तुंबेल," सुमतीबाई म्हणाल्या. "गुंगीचं औषध थोडंसं देऊन बघते."

"जास्त झालं तर श्वासच थांबेल."

"झोपवायचं नाहीये. फक्त भीती उतरवायची आहे. मी जवळून हलणार नाही."

ठमाबाईने पदर तोंडाशी धरला. "बाय, निजली नि उठलीच नाही तं?"

"उठेल. तुम्ही तिचा हात धरून बसा."

पहिल्या दिवशी औषध कमी पडले. शेवंतीने सुमतीबाईंचा हात ओरबाडला. बाईंनी मला तिथेच राहू दिले. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी मात्रा किंचित वाढवली. दुसरी नळी उकळून शेजारी ठेवली. अर्ध्या तासाने शेवंतीचे डोळे जड झाले, मूठ सैल पडली. हाक मारली की ती पाहत होती.

बाईंनी मला अलगद बाहेर काढले.

एक श्वास आला. मग काहीच नाही. ठमाबाई कण्हली. बाईंनी दुसरी नळी हातात घेतली, पण बसवली नाही. "शेवंती, श्वास घे बाळ. घे." छाती हलली. पुन्हा हलली. श्वास नाकातोंडातूनच जावा म्हणून बाईंनी छेदावर कापसाची घडी दाबून धरली. दुपारपर्यंत त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

तीनच्या सुमारास घोगरा आवाज आला, "आये, पेज दे."

ठमाबाईला रडू आवरेना.

पुढे माझ्या जागी दुसऱ्या नळ्या आल्या. मी कपाटात काळी पडत गेले. त्याचे मला फारसे वाटत नाही. एकच सांगते, मित्रांनो. घाबरलेल्या माणसावर ओरडू नका, त्याला दाबून धरू नका. आधी त्याची भीती उतरू द्या, आणि ती उतरेपर्यंत जवळची खुर्ची सोडू नका.