मृत्यूची तारीख

वॉर्डातली धावपळ गुडघ्यांना झेपेना, म्हणून सिस्टरना नोंदणी विभागात बसवलं होतं. औषधांना न जुमानणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या रुग्णांचं पुढे काय झालं, कुणाला कशाचा गुण आला, हे तिथे कॉम्प्युटरवर टिपत. वर्षभर न फिरकलेला रुग्ण गेलाच असं धरायची तिथली जुनी पद्धत.

वॉर्डात एक तरुण शिक्षिका होती. तिच्यावरचे सगळे उपाय थकले होते. उरली होती एक नवी गोळी.

"ती घेणारे बहुतेक गेलेच दिसतात. उगाच पोरीचे हाल कशाला?" मोठे डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तेवढ्या मृत्यूच्या तारखा भरून द्या."

सिस्टरनी पहिला फोन एका शिंप्याच्या मोबाइलवर लावला.

"नमस्कार. शिंपीकाका... कधी गेले, तेवढं विचारायचं होतं."

"कुठे गेले?"

"म्हणजे, वारले कधी?"

पलीकडची शिलाई मशीनची घरघर थांबली. "अहो बाई, मीच बोलतोय!"

"काका, तुम्ही जिवंत आहात?"

"सकाळपासून तरी आहे!" मग त्यांचा आवाज चढला. "फोन बायकोने उचलला असता तर? जागच्या जागी आडवी झाली असती ती!"

"चुकलं हो माझं. पण तुम्ही परत आलात का नाही?"

"तुमची पायरी चढायची म्हटलं तरी मळमळायचं. बहिणीच्या गावी राहायला आलो. इथले डॉक्टर तीच गोळी देतात. रक्त स्वच्छ आहे म्हणतात."

सिस्टरनी फोन ठेवला. मग त्या उरलेल्यांना फोन करत सुटल्या. बरेच जण खरंच गेले होते. एक आई फोनवर हमसून रडली, तशा सिस्टरही रडल्या. पण आणखी दोघे जिवंत निघाले. बरं वाटायला लागलं तशी त्यांनीही इथे येणं सोडून आपापल्या गावच्या डॉक्टरांकडून तीच गोळी चालू ठेवली होती.

दार न वाजवताच त्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

"डॉक्टर, बरी झालेली माणसं आपण मेलेल्यांत धरलीत."

डॉक्टर आधी हसले. सिस्टरनी शिंपीकाकांना फोन लावून तो त्यांच्यापुढे धरला. दोन वाक्यं ऐकली आणि डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. तिन्ही गावच्या डॉक्टरांकडून रक्ताचे रिपोर्ट मागवले, ते तिघांचेही स्वच्छ आले.

शिक्षिकेला गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. पूर्ण बरी नव्हती, पण आजार मागे हटला होता. न आलेल्याला मेलेला धरायचं नाही, आधी फोन करायचा, असा नियम झाला.

शिक्षिका घरी गेली त्या दिवशी सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं, "आणि ज्यांना आपण ही गोळी द्यायचीच नाही असं ठरवलं, ते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग गोळी न दिलेल्या रुग्णांची जुनी यादी उघडली. सिस्टर पलीकडची खुर्ची ओढून यादीसमोर बसल्या.