खिशातली नळी

नयनाच्या हातून चूक होत नाही, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणत. निपाणीहून बेंगळुरूला येऊन अकरा वर्षं झाली, पण एक नळी फुटली नाही की एक चिठ्ठी चुकीच्या जागी चिकटली नाही. अशा माणसाकडून कधीतरी चूक झालीच, तर ती त्याला चोरीच्या मालासारखी लपवावीशी वाटते. नयनाने ती चार महिने लपवली.

झालं होतं ते असं. तिच्या थोरल्या बहिणीची, कस्तुरीअक्काची सहा वर्षांची संहिता डेंग्यूच्या तापात झटके येऊन नयनाच्याच रुग्णालयात दाखल झाली. तिथे डॉक्टर वीणा एक संशोधन करत होत्या. विषाणूचा ताप मेंदूपर्यंत पोचला की मज्जातंतू तुटतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन रक्तात झिरपतं; ते आजारी मुलांच्या रक्तात किती सापडतं, हे त्या मोजत. त्यासाठी एक नळी रक्त जास्तीचं लागे. अक्काने सही केली ती केवळ नयनाच्या शब्दावर. नळीवर नाव नसे, नुसता क्रमांक. संहिताचा होता सत्तेचाळीस.

रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत नळी यंत्रात फिरवायची आणि वर आलेलं पिवळं पाणी गोठवायचं, हा नियम. नयनाने त्या दिवशी नळी एप्रनच्या खिशात टाकली आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी अक्काचा हात धरून उभी राहिली. खिशाची आठवण झाली तेव्हा साडेपाच तास उलटून गेले होते. नोंदवहीत मात्र तिने दीड तास लिहिला.

संहिता वाचली. आठव्या दिवशी घरी आली, तेव्हा अक्काने यशवंतपूरच्या त्यांच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले.

पुरेसे नमुने साठले की सगळे एकदम तपासायचे, ही तिथली पद्धत. त्यामुळे आकडे आले ते तीन महिने उलटल्यावर. सत्तेचाळीसचा आकडा बाकीच्या मुलांपेक्षा कितीतरी वर होता. नयनाने क्रमांक पुन्हा ताडून पाहिला. मग तिला तो खिसा आठवला आणि जीव भांड्यात पडला. रक्त साडेपाच तास उबेत राहिलं, मग आकडा चढणारच की! पोरीला काही झालेलं नाही, जे काही झालं ते आपल्या खिशात झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची चूक गोड वाटली.

नयना राहायला अक्काकडेच होती. रोज संध्याकाळी संहिता वही घेऊन बसे. ताप यायच्या आधी तिचं अक्षर इतकं देखणं होतं की बाई तिची वही वर्गात फिरवत. आता पेन्सिल निसटे, ओळ खाली घसरे, दुधाचा पेला हातातून कलंडे.

"आजारपणात लाड केले की नाही, त्याचं फळ हे," अक्का म्हणे आणि फुटपट्टी उचले. "काय अक्षर हे? कोंबडीचे पाय बरे! कर हात पुढं."

पट्टी तळहातावर बसे. नयना शेंगा सोलत खाली मान घाली. अकरा वर्षं आजारी मुलांचं रक्त हाताळणाऱ्या बाईला निसटणारी पेन्सिल कळत नव्हती असं थोडंच आहे? पण झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. अक्काची समजूत चुकीची आहे म्हणायचं, तर आकडा बरोबर आहे म्हणावं लागलं असतं.

असे तीन आठवडे गेले. मग डॉक्टर वीणा सगळे आकडे पक्के करायला बसल्या, तेव्हा मात्र नयनाला राहवेना.

"मॅडम, सत्तेचाळीसचा आकडा काढून टाका," ती म्हणाली, आणि भाचीची नळी, खिसा, साडेपाच तास, वहीतला खोटा दीड तास, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

डॉक्टर वीणांनी नोंदवही मिटली. "खोटी एन्ट्री केलीस, त्याचं आपण नंतर बघू. पण आकडा काढायची गरज नाही. हे प्रोटीन फार चिवट असतं गं. पाच-सहा तास बाहेर राहून त्याला काही होत नाही. आकडा खरा आहे."

नयनाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "म्हणजे आमच्या पोरीचा मेंदू..."

"एका आकड्यावरून एका मुलीचं पुढचं सांगता येत नाही. म्हणून तर आपण तो घरच्यांना देत नाही. पण काही जाणवतंय का तिच्यात? हातातून वस्तू पडणं, लिहिताना त्रास?"

नयनाने होकारार्थी मान हलवली.

"मग आकड्याची वाट कशाला बघायची? जाणवलं तेव्हाच तिला आणायचं होतंस. उद्या सकाळी घेऊन ये."

नयना घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. संहिता वहीसमोर बसली होती आणि अक्काची पट्टी वर गेली होती. नयनाने चपलांसकट आत जाऊन ती हिसकावली.

"मारू नको, अक्का! आळस नाही तो. तापानं तिच्या नसांना इजा झालीय. हाताला जमतच नाही तिच्या. उद्या डॉक्टरांकडं न्यायचंय."

अक्का बघतच राहिली. "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तू इथं शेंगा सोलत बसलीस?" अक्का म्हणाली. "माझ्या हातानं लेकराला मार खाऊ दिलास, नयना?"

नयना पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली.

संहिताने दोघींकडे पाहिलं. पट्टी आता मावशीकडे आली होती, एवढं तिला दिसलं. तिने तळहात फ्रॉकला पुसला आणि डावा हात पुढे केला.

"मावशी, आज ह्या हातावर मार," ती म्हणाली. "तो उजवा दुखतोय."