सुक्या मासळीचा दोरा

यातला शब्द न् शब्द खरा आहे हो! खोटा निघाला तर माझ्या तळहातावर सोयाबीनचं कालवण रटरट उकळा, मी हात मागे घेणार नाही. त्या दिवशी गोजिन बंदरात वारा असा सुटला होता की धक्क्यावर एका म्हातारीनं शिंक दिली, ती डोंगरापलीकडच्या गावात ऐकू आली, आणि तिथल्या पाद्रीबाबांनी "देव भलं करो" म्हणून उलट निरोप धाडला. हेही खरंच.

तर अशा वाऱ्यात बोक-दोलच्या गॅरेजचं शटर निम्मं खाली ओढलेलं. आत त्याच्या थोरल्या भावाची, मान-शिकची, पांढरी व्हॅन उभी होती. पण घेऊन आला होता मान-शिकचा जावई, थे-ओ. सुकी मासळी घाटापलीकडून आणायचं काम आता तोच करायचा.

"काका, या गाडीत भूत आहे," थे-ओ म्हणाला. "घाटात वळण संपवून सरळ झालो की ही आपली आपण कचकन एका बाजूचा ब्रेक लावते. पिवळा दिवा पेटतो, अन् मागची सगळी मासळी माझ्या मानेवर!"

बोक-दोलच्या हातातला पाना तसाच राहिला. हेच, अगदी असंच, दादा म्हणाला होता. गेल्या हिवाळ्यात.

तेव्हा बोक-दोलनं तपासायचं यंत्र लावलं होतं. यंत्रानं काही दोष दाखवला नाही. मग बंदराच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारली, तर गाडी लोण्यासारखी चालली. गॅरेजात शेगडीभोवती चारजण कॉफी पीत बसले होते. त्यांच्याकडे बघून डोळा मारत तो म्हणाला, "दादा, गाडी सरळच आहे. वाकडी तुझी संध्याकाळ आहे. सोजूची बाटली जरा लांब ठेव."

चौघं खो-खो हसले. मान-शिक हसला नाही. लेकीच्या लग्नात त्यानं दारूचा पेला उपडा ठेवला होता, तो पुन्हा सुलटा केला नव्हता. आणि हे बोक-दोलइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जिभेला हाड नसतं, आणि समोर हसणारी माणसं असली की तिला लगामही राहत नाही.

मान-शिकनं किल्ल्या जावयाच्या हातात दिल्या. पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स परत केलं. म्हाताऱ्यांना त्याच्या बदल्यात बसचं कार्ड देतात, ते खिशात घातलं. बंदरभर झालं, मान-शिकचा हात आता थरथरतो, पुन्हा प्यायला लागलाय म्हणे. आईबापांच्या श्राद्धाला दोघं भाऊ शेजारी-शेजारी उभे राहून वाकायचे, पण एका शब्दानं बोलायचे नाहीत.

"तू घेतोस का रे कधी?" बोक-दोलनं जावयाला विचारलं. खोटं कशाला सांगू, 'हो' म्हणेल अशा आशेनंच विचारलं.

"मी? काका, मी चर्चमधला द्राक्षाचा रससुद्धा पाणी घालून पितो!"

बोक-दोलनं यंत्र जोडलं. पण या वेळी नुसता दोष शोधला नाही, पडद्यावरचे चालते आकडे लावले. "आत बस. स्टिअरिंग फिरव. सावकाश, डोक्यावर भरली घागर असल्यासारखं."

आकडा शहाण्या पोरासारखा एकेक पायरी चढत गेला. स्टिअरिंग पार शेवटाला आलं, आणि आकड्यानं टुणकन उडी मारली.

"आण सरळ."

चाकं सरळ झाली. पडदा मात्र म्हणत होता, गाडी अजून डावीकडे वळलेलीच आहे.

"भूत नाही रे," बोक-दोल हळू म्हणाला. "स्टिअरिंग किती फिरलं ते सांगणारा सेन्सर असतो, तो चुकीचं सांगतोय. गाडीला वाटतं तू अजून वळणातच आहेस. बिचारी सावरायला जाते."

"मग सासऱ्यांच्या वेळी कसं नाही कळलं?"

"सपाटीवर एवढं वळावंच लागत नाही."

त्या हिवाळ्यात तो घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जरी गेला असता! पण तेव्हा कॉफी गार होत होती.

त्यानं बॅटरी सोडवली, एअरबॅग काढली, स्टिअरिंग उतरवलं आणि सेन्सर उघडला. आत बारीक खाचांची चकती असते. त्या खाचांमध्ये दोऱ्याचे तंतू अडकले होते. मळकट, सुती. त्यानं ते नाकाशी धरले, तर सुक्या मासळीचा वास!

बोक-दोल तिथंच फरशीवर बसला.

व्हॅन नवी होती तेव्हा धक्क्यावर तिची पूजा झाली होती. चाकांवर तांदळाची दारू ओतली, दोरा गुंडाळलेला सुका मासा मागे टांगला. बोक-दोलनं त्यातलाच हातभर दोरा तोडला, स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि आतल्या दांड्याला गुंडाळला. दादाचा हात घाटात कधी चुकू नये म्हणून. दादा तेव्हा हसला होता, "मेकॅनिक आहेस की मांत्रिक?" तोच दोरा झिजून, पिंजून वर चढला होता.

मागे टांगलेल्या त्या सुक्या माशानं तेव्हा बोक-दोलकडे बघून एक डोळा मिटला. शप्पथ!

नवा सेन्सर बसवला, त्याला सरळ म्हणजे काय ते शिकवलं. या वेळी पार घाटमाथ्यापर्यंत जाऊन आला. दिवा पेटला नाही. मग दोरा घेऊन धक्क्यावर गेला. तिथं मान-शिक जाळं विणत बसलेला, आणि ते कॉफीवाले चौघंही होते.

"दादा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा हात चुकला नव्हता. गाडीच चुकत होती. आणि दोरा माझा होता. मी तुला दारुडा म्हणालो, ते खोटं होतं, आणि म्हणतानाच मला ठाऊक होतं."

चौघांनी माना खाली घातल्या. मान-शिकनं दोरा बोटाला गुंडाळून पाहिला.

"लायसन्स परत मिळतं?"

"नव्यानं परीक्षा द्यावी लागते."

"या वयात?"

बोक-दोलनं व्हॅनचं दार उघडलं. "चल, घाटात जाऊन येऊ," तो म्हणाला.

मान-शिक शेजारच्या सीटवर बसला. प्रत्येक वळणाला त्याचे दोन्ही हात मांडीवर आपोआप वळत होते, बोक-दोलच्या आधी अर्धा क्षण, आणि एकदाही चुकले नाहीत. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा त्यानं धाकट्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरी चालवतोस रे, माकडा."

...आता तेवढा माझा तळहात जरा मागे घेऊ द्या. शिंक खरी. माशाचा डोळाही खरा. पण मानेवरचा तो हात आणि ते 'माकडा', ते मी पदरचं घातलं. माथ्यावर मान-शिक उतरला, खिशातून कार्ड काढलं, आणि बसनं घरी आला.