नुसता शब्द

भावकीतल्या थोरल्या हिंदुरावांनी बेलाची पानं आणि भंडारा ठेवलेलं ताट शालनबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"उचला, नर्सबाई. आन् काय ऐकलंय ते सांगा."

पिंपळीच्या देवळाच्या सभामंडपात भावकीतली सगळी जाणती माणसं बसली होती. एका खांबाला टेकून विजयसिंह, आणि त्याच्या समोरच्या खांबाशी त्याची आत्या दगडाबाई. वाद विहिरीच्या पाण्याचा होता. दगडाबाई तरणेपणीच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा भावानं, म्हणजे विजयसिंहाच्या वडिलांनी, तिला विहिरीलगतचं एकरभर रान दिलं. त्यात तिनं डाळिंबं लावली. आठवड्यातून एक दिवस विहिरीच्या पाण्याची पाळी तिची असायची. भाऊ वारल्यावरही ती चालू होती. यंदा विजयसिंहानं उसाचं क्षेत्र वाढवलं, पाणी पुरेना, आणि त्यानं आत्याची पाळी बंद केली. ऐन कळी धरायच्या दिवसांत बाग सुकायला लागली.

जिवंत आहे तोवर पाळी तुझी, असा शब्द भावानं मरायच्या आधी आपल्याला दिला होता, असं दगडाबाईचं म्हणणं होतं. वडील, म्हणजे तात्या, आपल्याला तसं काहीच बोलले नाहीत, असं विजयसिंह म्हणत होता, आणि तेही खोटं नव्हतं. तो तेव्हा पुण्याला नोकरीत होता. बहीणभावांचं बोलणं झालं तेव्हा तिथं तिसरं माणूस एकच होतं. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स शालनबाई तात्यांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला रोज घरी जायच्या. आता त्या निवृत्त होऊन जळोचीला राहत होत्या. त्यांनी भंडारा उचलून सांगावं, आपण मान्य करू, असं विजयसिंहानंच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

शालनबाईंनी ताटाकडे पाहिलं. हात मांडीवरच राहिले.

"मी सांगते. पण भंडारा उचलणार न्हाय."

बसलेल्यांत चुळबूळ झाली. कुणी म्हणालं, चिमूटभर उचलायला काय जातंय. कुणी म्हणालं, म्हातारीसाठी तरी उचला. सकाळपासून हे शालनबाईंच्याही मनात दोनदा येऊन गेलं होतं. चिमूटभर हळद, आणि बाग वाचली असती. दगडाबाई इतका वेळ खाली बघत होती, तिनं आता मान वर केली. तिच्याकडे बघायचं शालनबाईंनी टाळलं.

"माझी त्याच्यावर श्रद्धा न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमची हाय, त्याला माझं काही म्हणणं न्हाय. पण मी उचलला तर माझ्या हातात नुसती हळद येणार. आणि तुमाला वाटणार, बाईनं देवाची शपथ घेतली. माझं खोटं तितंच सुरू हुईल."

"मग तुमचं खरं कशावरनं मानायचं?" विजयसिंहानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"आमी बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी प्रतिज्ञा घेतलीय. खोटं बोलणार न्हाय, अशी."

"शपथ आन् प्रतिज्ञा एकच की."

"न्हाय. शपथ घेताना माणूस देवाला मधी घालतो. प्रतिज्ञेत मधी कुणी नसतं. मोडली तर मीच मोडली. आणि ती काय आजच्या बैठकीपुरती घेतलेली न्हाय."

वडिलांच्या शेजारी उभं राहून पहिल्यांदा त्या प्रतिज्ञा म्हटल्या, तेव्हा शालनबाई शाळेतही जात नव्हत्या. निम्मे शब्द कळले नव्हते. हा एवढा कळला होता.

हिंदुरावांनी विजयसिंहाकडे पाहिलं.

"बरं. तसंच सांगा," तो म्हणाला. "तात्यांनी आण घेतली हुती का?"

"न्हाय."

पुन्हा चुळबूळ झाली. दगडाबाईनं डोळे मिटून घेतले.

"घेणार हुते," शालनबाई पुढं म्हणाल्या. "जिवंत हायेस तवर पाळी तुझी, म्हणाले. आणि मग, विजयची आण घेऊन सांगतो, म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात ह्या दगडाबाईंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, लेकराची आण नको, दादा. उद्या मागंपुढं काही झालं तर त्याला बाधंल. नुसता शब्द दे, मला तेवढा बास हाय."

बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली.

"आत्या," विजयसिंह म्हणाला, "हे का न्हाय सांगितलंस मला?"

दगडाबाईनं पदर सारखा केला. "तुला कशाला सांगायचं ते."

हिंदुरावांनी घसा खाकरला आणि ताट विजयसिंहाकडे वळवलं. त्यानं आता भंडारा उचलावा आणि पाळी देतो म्हणावं, म्हणजे विषय मिटला, असं त्यांनी सुचवलं. विजयसिंहाचा हात अर्ध्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. त्यानं तो मागं घेऊन गुडघ्यावर ठेवला.

"शुक्रवारी बागेला पाण्याची दारं धरायला माणूस बघून ठेव, आत्या," तो म्हणाला.

शालनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे यजमान ज्ञानदेव स्कूटरला टेकून उभे होते. आत आले नव्हते. बोलावणं एकट्या बाईंना होतं.

"उचलायला लावलं का?"

"लावत हुते. न्हाय म्हटलं. ऐकलं तेवढं सांगितलं."

"मग?"

"मानलं."

ज्ञानदेवांनी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. जळोचीचा सरळ रस्ता देवळाच्या मागून कालव्याच्या कडेनं जात होता. नोकरीची सगळी वर्षं दोघं त्याच रस्त्यानं गेली होती, गावातून, चावडीपुढून कधीच नाही. आज ज्ञानदेवांनी हँडल उलट्या बाजूला वळवलं.

"इकडनं कुठं? लांब पडतंय की," शालनबाई मागून म्हणाल्या.

"पडू दे. जरा गावातनं जाऊ."

चावडीपुढं पारावर माणसं बसलेली होती. ज्ञानदेवांनी स्कूटर अगदी हळू केली.